एवढा कोपरा ठिव

भिंत मीच पाडायला लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आता सगळे म्हणतात की पोराच्या साखरपुड्यासाठी पाडली, मिस्त्री म्हणाला म्हणून पाडली, आजकाल सगळेच पाडतात म्हणून पाडली. खोटं आहे. पोराला फक्त नवा ओटा आणि ट्रॉल्या पाहिजे होत्या. त्याच्या बापाला तर काहीच नको होतं, टीव्हीपुढं चहा मिळाला की त्यांना घर राजवाडाच. भिंत मला नको होती. का नको होती, हे घरात माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

घर आमचं गंगाखेडात, अजून नवी वस्ती म्हणतात त्या भागात. खाली पुढं हॉल, हॉलच्या मागं स्वयंपाकघर, त्याला लागून धान्याची कोठी, आणि मागच्या अंगणात न्हाणी. वर दोन खोल्या, एक आमची, एक पोराची. आत्याबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून त्या जिना चढल्या नाहीत. त्यांची बाज कोठीत होती, पोत्यांच्या शेजारी. स्वयंपाकघर म्हणाल तर दहा बाय आठ. हॉलकडून एक दार, त्याला आतून कडी. खिडकी एक, तीही इतकी वर की बाहेर बघायचं तर डब्यावर चढावं लागायचं.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. आमच्यात एक जुनी रीत होती, की ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याची नजर आपल्या ताटावर पडू द्यायची नाही. पडली तर घास खाली ठेवायचा आणि उठायचं. आता हे कोण पाळतं? आमचे हे एसटी स्टँडवर उभ्यानं मिसळ हाणतात, सारं गंगाखेड बघतंय. लग्नात आमचेच पाहुणे हातात प्लेटा घेऊन मांडवभर हिंडतात. पण आत्याबाई पाळायच्या. अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर बसायच्या, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायच्या, आणि तिथंच, त्याच पाटावर, भिंतीला पाठ टेकून जेवायच्या. दोन्ही वेळेला. मी जवळ असले तर चालायचं, कारण माझ्याही गळ्यात लिंग होतं. कडी लावायचं काम माझं.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पोरगा पोटात, सहावा महिना. त्या दिवशी सकाळपासून ज्वारी निवडणं, पापडाचं पीठ मळणं, असं करत करत दुपारचे दोन वाजले होते आणि माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आत्याबाईंची पूजा झाली. मी त्यांचं ताट वाढलं, माझं वाढलं, बसले. पहिला घास हातात, तेवढ्यात दार उघडलं आणि शेजारीण विरजण मागायला वाटी घेऊन आत. मी कडी लावायची विसरले होते. ती बिचारी लाजली, वाटी तशीच घेऊन परत गेली.

आत्याबाई काही ओरडल्या नाहीत. त्या कधी ओरडायच्याच नाहीत, तेच तर त्यांचं वाईट होतं. उठल्या, आपलं ताट उचललं, मग माझं उचललं, आणि दोन्ही नेऊन गायीपुढं रिकामी केली. वरणभात, भाकरी, वांग्याची भाजी, सगळं. मी म्हणले, "आत्याबाई, मला लय भूक लागली हाय." त्यांनी ताटं विसळली, पालथी घातली आणि म्हणाल्या, "एक दिवस उपाशी राह्यलं मून कुणी मरत न्हाई."

चूल विझवून टाकली. संध्याकाळपर्यंत मी त्या गायीकडं बघत बसले. तिनं वांग्याचे देठ तेवढे ठेवले होते.

त्यानंतर बावीस-तेवीस वर्षं मी त्या खोलीत भिंतीला तोंड करून भाकरी थापल्या. पलीकडं हॉलमध्ये लोक हसायचे, मी इकडं ऐकायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची पोरगी पळाली, सगळं मला भिंतीतून कळायचं, तेही अर्धं. मी कुणाला सांगितलं नाही, पण दर वेळी कडी लावताना मला ती दुपार आठवायची. काही बाया विसरतात. मी नाही विसरत. माझी आई म्हणायची, सुंभ जळंल पण पीळ जायचा न्हाई. माझ्याबद्दलच म्हणायची.

मग पोरगा पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लातूरच्या मुलीशी जमलं, आणि साखरपुडा घरीच करायचं ठरलं. पोरानं मोबाइलवर फोटो दाखवले. हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मधी काही नाही, बाई ओट्याशी उभी राहून सोफ्यावरच्या माणसांशी बोलतेय. तो ओटा दाखवत होता. मी भिंत नसलेली बघत होते.

मिस्त्री परभणीचा होता, मुसलमान, वयानं माझ्याएवढाच. मापं घ्यायला आला तेव्हा स्वयंपाकघराला आतून कडी. तासभर हॉलमध्ये टेप हातात घेऊन बसून राहिला. आत्याबाई बाहेर आल्यावर आत गेला. कोपऱ्यातला पाट बघितला, भिंतीवरचा डाग बघितला. चाळीस वर्षं पाठ आणि तेलाचं डोकं टेकून तिथलं प्लास्टर गुळगुळीत झालं होतं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाभी, या कोपऱ्यात चार फूट ठिवतो. वर बीम तर टाकायचाच हाय. अम्माला आड राहील, आन् हॉल बी मोठा दिसंल. सोय बगा."

एवढं साधं होतं. चार फूट. परक्या माणसाला पहिल्या दिवशी दिसलं ते.

मी म्हणले, "पूर्ण पाडा. कोठीची बी पाडा. मला मधी काहीच नको."

तो खडूनं खुणा करून गेला. दुपारी मी भांडी खोक्यात भरत होते, तर आत्याबाई भिंत धरत धरत आल्या. त्या खडूच्या रेघेवर त्यांनी हात ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, समदं पाड. मला एवढा कोपरा ठिव."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. सांगायच्या, मागायच्या नाहीत. मला आतून इतका आनंद झाला की हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगते, आनंदच झाला. मी म्हणले, "आत्याबाई, आता कोण बघतंय कुणाच्या ताटात? चार लोकांत बसून जेवा की. आन् न्हाईच जेवलात तर एक दिवस उपाशी राह्यलं मून कुणी मरत न्हाई."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना आठवलं. गाय, ताटं, देठ, सगळं आठवलं असणार, कारण चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "बरं," म्हणाल्या, आणि आपला पाट उचलून कोठीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी घण पडायला लागले. मिस्त्री दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करत होता. मी त्याला म्हणले, आधी तो कोपरा काढा. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि घण उचलला. तेलाच्या डागाचं प्लास्टर एका ठोक्यात अख्खं खाली आलं. विटांचा मलबा ट्रॅक्टरनं दोन खेपा भरून गेला.

काम चाललं तेवढे दिवस मी अंगणात पत्र्याखाली गॅस ठेवून स्वयंपाक केला, आणि आत्याबाईंनी दूध-केळ्यावर दिवस काढले. दूध आणि फळाला नजरेचं बंधन नव्हतं. माझ्या ते पटकन लक्षात आलं. काम संपल्यावर मी केळी आणायची बंद केली आणि दूध चहापुरतंच घ्यायला लागले. ह्यांनी विचारलं तेव्हा म्हणले, "तुमालाच कफ होतो की केळ्यानं." त्यांना खरंच कफ होतो.

स्वयंपाकघर मात्र झालं झकास. काळा ग्रॅनाइट, पांढऱ्या ट्रॉल्या, डोक्यावर धूर ओढणारी चिमणी, जेवायला मोठं टेबल. कोठी गेली, धान्य वर गच्चीच्या खोलीत गेलं, आत्याबाईंची बाज हॉलमध्ये खिडकीखाली आली. आता ओट्याशी उभी राहून मला सगळं दिसायचं, टीव्ही, दार, रस्ता, कारखान्याला चाललेल्या उसाच्या गाड्यासुद्धा. मला सगळं दिसायचं तसं सगळ्यांना आमचं ताटही दिसायचं.

वस्तीतल्या बाया बघायला यायला लागल्या. मी कुणाला कधी बोलवायचं ते ठरवून बोलवायचे. बारा-साडेबाराला आत्याबाई पूजेला बसायच्या, उठायला एक व्हायचा. मी एक वाजता बोलवायचे. "या की दुपारच्याला, मोकळीच असती मी." बाया यायच्या, ट्रॉल्या ओढून बघायच्या, चहा घ्यायच्या, तास तास बसायच्या. आत्याबाईंचं ताट ओट्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेलं असायचं. मी मोठ्यानं म्हणायचे, "आत्याबाई, ताट वाढलंय, या." त्या बाजेवर बसल्या जागेवरून म्हणायच्या, "नंतर खाती. आता भूक न्हाई." एखादी बाई म्हणायची, बगा, किती काळजी करती सून.

बाया गेल्या की शेतकरी यायचे. आमचं बी-बियाण्याचं दुकान, ह्यांना भेटायला लोक घरापर्यंत येतात. ते गेले की टीव्ही बघायला शेजारचे. रात्री कधीतरी हॉल रिकामा झाला की आत्याबाई अर्धी भाकर खायच्या. कधी ती पण नाही. सकाळी मी टोपलं बघून मोजायचे. मी त्यांना जेवू नका म्हणले का? नाही. रोज वाढलं. कुणी माझ्याकडं बोट दाखवू शकणार नाही, असं मी वागले.

पोरगा सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "आई, आजी लय वाळली गं. बांगड्या कोपरापर्यंत जातात." मी म्हणले, "वय झालं बाबा. म्हातारपणी भूक मरती." हे मी इतक्या जणांना सांगितलं की ह्यांचं, पोराचं, डॉक्टरचं, सगळ्यांचं तेच मत झालं. डॉक्टरनं टॉनिक दिलं. ते मात्र त्या घ्यायच्या, औषधाला नजर लागत नाही.

साखरपुडा झाला. तीन दिवस घर भरलेलं. लातूरची माणसं स्वयंपाकघर बघून खूश, व्याहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडंही आता असंच करायचंय. फोटोत आत्याबाई आहेत, बाजेवर बसलेल्या, नव्या साडीत. तीन दिवस त्यांनी काय खाल्लं हे मी त्या वेळी बघितलंच नाही. मला कामं होती.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ, मी चादरी धुवायला घेऊन न्हाणीकडं निघाले, माझ्या मागं भांडीवाली बाई, तिच्या हातात बादली. न्हाणीचं दार ओढलेलं होतं. आमच्या न्हाणीची कडी गंजून नीट बसत नाही, धक्का दिला की उघडतं. मी कोपरानं ढकललं.

आत आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. पुढं बादली पालथी घातलेली, तिच्यावर ओलं फडकं, फडक्यावर ताट. न्हाणीची फरशी धुवून काढलेली, कोपऱ्यात उदबत्तीची राख. ताटात सुकी भाकर होती, जवसाची चटणी आणि गुळाचा खडा. पदराखाली लपवून आणता येईल तेवढंच. तळमजल्यावर आतून लावता येईल असं हे एकच दार राहिलं होतं, आणि मला ते एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं.

त्यांनी ताटावर पदर धरला. म्हणाल्या, "दार लाव, बाई."

माझ्या मागं भांडीवाली उभी होती. मला फक्त दार ओढायचं होतं. मी ओढलं नाही. मी तशीच उभी राहिले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणले, "आगं बाई, आत्याबाई, एवढं मोठं टेबल आणलंय घरात, आन् तुमी न्हाणीत जेवायल्यात? लोक काय म्हणतील आमाला?"

भांडीवाली माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. आत्याबाईंनी तिला बघितलं. मग त्यांनी पदर ताटावरून काढून घेतला. आता झाकून उपयोग नव्हता. भाकरीचा एकच तुकडा मोडलेला होता, तो तोंडात गेला होता की नाही मला माहीत नाही. त्यांनी हात धुतला, भाकर उचलली, गूळ उचलला, आणि माझ्या अंगावरून अंगणात जाऊन कावळ्यांसाठी दोन्ही भिंतीवर ठेवलं. गाय आम्ही केव्हाच विकली होती. परत येऊन ताट विसळलं आणि पालथं घातलं.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आपल्या लेकाला सांगितलं, मला पूर्णेला अक्काकडं सोड. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, तिचे मालक रेल्वेत. ह्यांनी मला विचारलं, काही बोलणं झालं का तुमचं? मी म्हणले, "कशाचं बोलणं? लेकीची आठवण आली असंल." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते घेऊन गेले. आत्याबाईंनी पिशवीत दोन लुगडी घेतली आणि काखेत पाट. मी फाटकापर्यंत गेले, पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रीत म्हणून ठेवला असेल.

घर मोकळं झालं. चार दिवस मला लय बरं वाटलं, तेही सांगते.

पाच महिन्यांनी त्या पूर्णेलाच वारल्या. झोपेतच गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंघोळ घालून भस्म लावून बसवलं होतं. आमच्यात मयताला बसवून माती देतात, डाव्या हातात लिंग देऊन. मी जवळ गेले आणि तशीच उभी राहिले. त्यांचे गाल भरलेले होते. मनगटातल्या बांगड्या मनगटात होत्या.

माती देऊन आल्यावर अंघोळी झाल्या. अक्काचं घर म्हणजे रेल्वेचं जुनं क्वार्टर, स्वयंपाकघर आमच्या आधीच्यापेक्षाही बारकं, अंधारं. दाराला आतून कडी होती आणि वर जुन्या लुगड्याचा पडदा. दाराच्या आड पाट उभा करून ठेवलेला, तोच. अक्कानं मला आत बोलावलं, कडी लावली, ताट वाढलं. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. मी बसले.

अक्का भाकर वाढता वाढता म्हणाली, "वैनी, एक विचारू का? आई आली तवा लय खराब झालती. मला वाटलं काय दुखणं हाय. पर इतं आली त्या दिवशी या कोपऱ्यात बसून तिनं तीन भाकरी खाल्ल्या. भात पुन्यांदा मागून घेतला. मी म्हणलं, आई, सबुरीनं खा. मग रोजचंच, दोन भाकरीच्या खाली उठत नव्हती. तिकडं काऊन खात नव्हती ती?"

मला तेव्हा एकदम ती जुनी दुपार आठवली, आणि इतक्या वर्षांत न आठवलेली एक गोष्ट आठवली. त्या दिवशी आत्याबाईंनी गायीपुढं दोन ताटं रिकामी केली होती. एक माझं होतं. दुसऱ्या ताटाचा मी कधी हिशेबच धरला नव्हता. माझ्यासारख्याच त्याही संध्याकाळपर्यंत उपाशी होत्या. पोटुशीचं ताट उचललं ते त्यांचं चुकलं, आजही म्हणते चुकलं. पण तो एक दिवस होता.

अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणले, "वय झालं होतं, अक्का. भूक मेली होती त्यांची."

"इकडं आल्यावर वय कमी झालं का मग?" अक्का म्हणाली.

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली आणि मी ती खाल्ली.